एक स्पीकर याला, एक त्याला

वाटणीच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला बोलावतच नाहीत. मला बोलावलं ते त्याआधी पंधरा दिवस, हिंगोलीत कचेरीत, हक्कसोडीच्या कागदावर सही करायला. मी सही केली. दोघा भावांनी मिळून एक साडी दिली, तीही पोपटी, आणि पोपटी रंग मी आयुष्यात नेसलेली नाही हे दोघांनाही चांगलं ठाऊक आहे. तरी मी हसून घेतली. जमीन, घर, मेंढरं, शेळ्या यातलं मला खरंच काही नको होतं. पण त्या घरात दोन लाकडी स्पीकर होते आणि ते माझे होते. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेले. त्यांना हात लावायचा अधिकार मी कुठल्याच कागदावर कुणाला लिहून दिलेला नव्हता.

काय झालं ते मला धाकट्या भावजयीनं फोनवर सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. अंगणात सगळं सामान मांडलं होतं. गावातले चार जाणते लोक बसले होते. आमच्याकडे वाटणीची रीत सरळ आहे: जोडीनं असेल ते एकेक. दोन पितळी हंडे होते, एकेक दिला. पत्र्याच्या दोन पेट्या होत्या, एकेक दिली. कॉम्प्युटर एकच, तो थोरल्याकडे गेला, कारण त्याची मुलगी कॉलेजात शिकते. त्याच्या बदल्यात धाकट्याला शिलाई मशीन मिळालं. मग कुणीतरी माझे स्पीकर उचलून आणले. सारख्या उंचीचे, सारख्या रंगाचे दोन डबे. चौघांतला एकजण म्हणाला, एक याला, एक त्याला. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या आणि पुढचं सामान घेतलं.

मी फोन टेबलावर ठेवून दिला. भावजयीला वाटलं रेंज गेली.

हे नीट सांगायला हवं, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो, त्यात काय एवढं. कॉम्प्युटरच्या स्पीकरांची जोडी म्हणजे दोन हंडे नव्हेत. उजव्या डब्याच्या पोटात सगळं यंत्र असतं. विजेची वायर त्याला, आवाजाचं बटण त्याला, कॉम्प्युटरची पिन त्याला. डावा डबा नुसता डबा. उजव्यानं पातळ वायरीतून धाडलं तेवढंच त्यानं बोलायचं. उजवा थोरल्याला गेला, डावा धाकट्याला. धाकट्यानं तो घरी नेला, कपाटावर ठेवला आणि बटण शोधत बसला. बटण असेल तर सापडेल ना. दोन दिवसांनी तो थोरल्याकडे तक्रार घेऊन गेला, की मला मुका हिस्सा दिला.

आता थोरला भाऊ माझा अतिशय न्यायी माणूस आहे. त्याच्या न्यायानंच माझं डोकं उठतं. तो म्हणाला, बराबर आहे, तुझा हिस्सा चालू राहिला पाहिजे. तेव्हा मधल्या भिंतीचं काम चालू होतं. पूर्वीच्या मोठ्या खोलीचे दोन भाग करणारी विटांची भिंत. त्यानं मिस्त्रीला सांगून तिच्यात बोटभर भोक ठेवून घेतलं. मग घंटीची वायर जोडून स्पीकरची वायर लांब केली आणि भोकातून पलीकडे सोडली. झाला न्याय. त्या दिवसापासून थोरल्याच्या कॉम्प्युटरवर जे काही लागेल, त्याचा उजवा अर्धा थोरल्याच्या घरात वाजे आणि डावा अर्धा धाकट्याच्या. एकाला नुसता ढोल ऐकू यायचा, दुसऱ्याला नुसती पेटी. आणि दोन्ही घरं समाधानी होती. कुणाच्या वाट्याला कमीजास्त आलं नाही, म्हणाले.

या समाधानाचाच मला सगळ्यात जास्त राग आला. पंचवीसेक वर्षं मी हिंगोलीत कॉम्प्युटर क्लासला शिकवते. या काळात मी लोकांनी स्पीकरांचे काय काय हाल केलेले पाहिलेत ते मलाच माहीत. दोन्ही डबे एकावर एक रचून ठेवतात, जागा वाचते म्हणून. मॉनिटरच्या मागे तोंड भिंतीकडे करून ठेवतात. कपाटाच्या माथ्यावर ठेवतात, म्हणजे आवाज थेट पंख्याला. त्यावर विणलेला रुमाल टाकतात, धूळ बसू नये म्हणून, आणि मग मलाच विचारतात, मॅडम, आवाज घोगरा काहून येऊन राहिला. डोंगरकडा गावातल्या एका ओळखीच्या घरात मी एक डबा बैठकीत आणि एक न्हाणीच्या दाराशी पाहिला होता. सगळ्यांना ऐकू यावं हा हेतू. तिथं मी चहा न पिता उठले होते. पण भिंतीला भोक पाडून जोडी तोडायचं डोकं आमच्याच घरात निघायचं होतं.

आणि ते घरही कुणाचं, तर माझ्या वडिलांचं. हिंगोलीजवळच्या आमच्या पूर्ण गोरेगाव भागात स्पीकर कसे मांडावेत हे कळणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो मेंढरं राखायचा.

मी ते स्पीकर घेतले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. क्लासनं एक जुना कॉम्प्युटर काढून टाकला होता, तो मी घरी आणला आणि पहिल्या पगारात हे डबे घेतले. दुकानात प्लास्टिकचे स्वस्त होते. मी लाकडी घेतले. जीपमध्ये हिंगोलीपासून गोरेगावपर्यंत दोन्ही मांडीवर घेऊन बसले होते, बाजूच्या बाईला कोपर लागला तरी खाली ठेवले नाहीत. घरी आल्यावर मी ते मॉनिटरला चिकटवून मांडले, जसे सगळे मांडतात. वडील बाहेरून आले, घोंगडी काढून ठेवली, दारातच थांबून ऐकलं आणि म्हणाले, "हे दोघं एकाच तोंडानं बोलून राहिले. दूर कर यायले."

मी दूर केले. ते म्हणाले, आणखी. मग म्हणाले, कोपऱ्यातून काढ, कोपऱ्यात आवाज फुगते. हातभर पुढे घे. मग म्हणाले, मेंढरू खाली मान घालून ओरडते का, डबे कानाच्या उंचीला आण. मी धान्य मापायच्या दोन पायल्या पालथ्या घालून त्यावर डबे ठेवले. मग ते समोर इकडेतिकडे बसून पाहत राहिले. शेवटी एका जागी त्यांनी पोतं अंथरलं आणि जमिनीवर चुन्यानं फुली मारली. इथं बसलं की पेटी डावीकडे, ढोल उजवीकडे आणि गाणारा मधोमध, जिथं काहीच नाही तिथं. त्या मधल्या मोकळ्या जागेकडे बोट करून ते हसले. म्हणाले, बघ, इथं बसला. कळपात कुठली घंटी कुठल्या बाजूनं वाजली हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून त्यांना हे शिकवावं लागलं नाही. मला ते पुढे दहा वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. दोन डबे आणि माणूस यांचा त्रिकोण, तिन्ही बाजू सारख्या. पुस्तकात आकृती होती, आमच्याकडे चुन्याची फुली होती. ती फुली आई दर सारवणानंतर पुन्हा काढायची.

कॉम्प्युटर मधे दोनदा बदलला. डबे तेच राहिले, फुली तीच राहिली.

वडील जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी होते. क्लासमधले दोन कॉलर माइक सोबत नेले होते. एक वडिलांच्या बंडीला लावला, एक आईच्या पदराला आणि म्हटलं, तुम्ही मेंढरं घेऊन वाशीमकडे जायचे ते सांगा. कुठून निघायचे, कुठं मुक्काम, खतासाठी मेंढरं कुठल्या शेतात बसवायचे. मला ते लिहून ठेवायचं होतं. लिहिणं राहिलं, पण रेकॉर्डिंग झालं. मशीननं आपल्या मनानं वडिलांचा आवाज डाव्या बाजूला टाकला आणि आईचा उजव्या. मी ते तसंच ठेवलं. घरी त्या जोडीवर लावून पाहिलं तर वडील डावीकडे बसलेले, आई उजवीकडे, अगदी ओसरीवर बसायचे तसे. वडिलांनी स्वतः फुलीवर बसून ऐकलं आणि दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं.

त्या रेकॉर्डिंगचा शेवट माझ्या जन्माबद्दल आहे. मी वाटेवर जन्मले, मेंढरं वाशीमकडे चालली होती तेव्हा. वडील सांगतात, पोरगी कनेरगाव नाक्यापाशी झाली, रस्त्याच्या कडेच्या शेतात, मला बराबर आठवते, मी दगड मांडून चूल केली, पाणी तापवलं. आई मधेच त्यांना तोडते. म्हणते, नाक्यावर न्हाई, त्याच्या एक मुक्काम आधी. वडील म्हणतात, नाक्यावरच. तेव्हा आई म्हणते, "तुमाले काय ठाव? तुमी व्हते कुठं? मेंढरामागं गेलते. दिवस बुडता आले."

त्यानंतर डावी बाजू बराच वेळ गप्प आहे. मग वडिलांचा खोकला ऐकू येतो. मग ते म्हणतात, एक मेंढरू चुकलं व्हतं. तिथं रेकॉर्डिंग संपतं, कारण मी हसत हसत बटण दाबलं. मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं होतं.

वडील गेले. वर्षभरात वाटणी झाली. आई कुणाकडे, याचीही वाटणी झाली: तीन महिने याच्याकडे, तीन महिने त्याच्याकडे. पहिली पाळी थोरल्याची आली. तिथं गेल्यावर आईनं नातीला, थोरल्याच्या मुलीला, सांगितलं, ते बोलणं लाव. नातीनं लावलं. मग दोन दिवसांनी आईचा मला फोन आला. आई फोनवर कधी गाऱ्हाणं सांगत नाही, जेवलीस का एवढंच विचारते. त्या दिवशी म्हणाली, "माय, इथं मी एकटीच बोलून राहिले. ते पलीकडं गेले."

मला आधी कळेना. वाटलं, म्हातारीला भास होतोय की काय. मग लख्खकन उजेड पडला आणि मी दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी टाकून जीप पकडली.

मी जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. दुपारची वेळ होती. नातीनं रेकॉर्डिंग लावलं. थोरल्याच्या घरात उजवा डबा, त्यातून आईचा आवाज, खणखणीत. ती एक वाक्य बोलते आणि थांबते. मग नुसती शांतता. मग ती एकदम म्हणते, न्हाई न्हाई, तसं न्हाई. कुणाला म्हणते ते कळत नाही. एखादी बाई भिंतीशी भांडतेय असं वाटावं. आणि खरंच भिंतीच्या पलीकडून काहीतरी गुरगुर येत होती, शब्द न लागणारी. ते माझे वडील होते. आई पाच मिनिटं ऐकत बसली. मग उठली, थोरल्याच्या दारातून बाहेर पडली, अंगणातून वळसा घातला आणि धाकट्याच्या दारातून आत जाऊन कपाटापाशी उभी राहिली. तिथं वर, साड्यांच्या गाठोड्याशेजारी, तोंड छताकडे केलेला डावा डबा होता. ती पोचली तेव्हा रेकॉर्डिंग संपलं.

म्हातारपणी माझ्या आईला आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, ही त्यांची वाटणी. आणि वर थोरली भावजय रुसलेली. सासूला ती आत्याबाई म्हणते. तिचं म्हणणं, पाळी आमची असून आत्याबाई दिवसातून चारदा पलीकडं जातात, गाव काय म्हणंल, आमी खायला घालत न्हाई काय.

मी आधी सभ्यपणानं मार्ग काढायचा प्रयत्न केला. माझ्या फोनमध्ये तेच रेकॉर्डिंग होतं. फोनात दोन्ही आवाज एकाच भोकातून येतात, निदान दोघं सोबत तरी येतील. आईनं फोन कानाला लावला, मग दूर धरला आणि परत दिला. म्हणाली, हे त्यायचं बोलणं न्हाई, मच्छर बोलून राहिला. तिचं बरोबर होतं. वडिलांचा आवाज छातीतून यायचा. नखाएवढ्या स्पीकरला छाती कुठली?

मग मी हिंगोलीत नवीन स्पीकर घ्यायला गेले. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा एक मोठा डबा आणि दोन पिल्लं काढली आणि धडधड काहीतरी लावलं. काउंटरवरची पेनं उड्या मारायला लागली. मी म्हटलं, मला माणूस बोलताना ऐकव. त्यानं आवाज कमी केला. म्हणाला, मॅडम, माणसं फोनवर बोलतात, स्पीकरवर डीजे लागते. मी हट्टानं वडिलांचं रेकॉर्डिंग लावायला लावलं. त्या मोठ्या डब्यातून वडील असे बोलले की जणू पाण्याच्या टाकीत उतरून बोलताहेत. चूल मांडल्याचं सांगताना प्रत्येक शब्दामागे धप्प, धप्प. मी त्या माणसाला म्हटलं, तू आवाज विकत नाहीस, हादरे विकतोस. तो हसला, त्याला ते कौतुक वाटलं. आता सगळा बाजारच असा झालाय. गाणाऱ्याचा गळा कुणालाच नको, भिंत हलली पाहिजे. लग्नात तेच, जयंतीत तेच, आता घरातही तेच. मी हात हलवत बाहेर आले.

म्हणजे उपाय एकच राहिला. माझी जोडी, जशी होती तशी, एका जागी.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. दोघा भावांना समोर बसवलं आणि सांगितलं, डबे एकत्र करा. थोरला म्हणाला, अक्का, चार लोकांसमोर झालेली वाटणी आहे, मी त्याचा हिस्सा उचलला तर उद्या बोल मला लागंल. धाकटा म्हणाला, माझा डबा देतो, पण मग त्याचा हंडा मला पाहिजे. मी म्हटलं, अरे, मी काय हंडे वाटायला आलेय? ते माझे आहेत. माझ्या पगाराचे. तुम्ही दोघं तेव्हा शाळेत होता.  तेव्हा दारातून थोरली भावजय बोलली, अगदी शांतपणे, "ताई, तुमी सही केली की."

मी खूप चिडते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वाक्यावर मी आधी मनात हिशेब मांडला. मी जमीन सोडली होती, आणि यांच्या लेखी मी त्यासोबत माझे हात, माझी कमाई, चुन्याची फुली, सगळंच सोडलं होतं. साडी घेतली म्हणजे माणूस घराबाहेर. मी म्हटलं, ती पोपटी साडी कोरी घडी घातलेली आहे, उद्या आणून देते, कागद फाडा. धाकटी भावजय रडायला लागली. थोरला उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.  आई भाकरी थापत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

मग मी विचारायचं सोडून दिलं. धाकट्याच्या घरात गेले, स्टुलावर चढले आणि कपाटावरून डावा डबा खाली काढला. त्याच्यावर बोटभर धूळ होती. भोकातली वायर ओढून काढली. थोरल्याच्या घरातून उजवा डबा उचलला. एकाच्या घरात मांडले असते तर दुसऱ्याचा अपमान झाला असता, आणि अंगणाची वाटणी अजून झालेली नव्हती. म्हणून अंगणात. नातीनं खिडकीतून कॉम्प्युटरची वायर बाहेर दिली. पायल्या आता दोन घरांत होत्या, एकेक. दोघी भावजयांनी आपापली आणून दिली. मी शेळीच्या दाव्यानं अंतर मोजलं, डब्यापासून डब्यापर्यंत एक दावं, प्रत्येक डब्यापासून खाटेपर्यंत एक दावं. तोंडं थोडी आत वळवली. भिंत दूर, कोपरा नाही. वडिलांनी केली असती तशी मांडणी झाली. चुना मिळाला नाही, म्हणून मी राखेनं फुली काढली आणि त्यावर खाट ओढली. आईला हाताला धरून मधोमध बसवलं. दोघं भाऊ आपापल्या उंबऱ्यात उभे होते.

मी नातीला खूण केली.

वडील डावीकडून बोलायला लागले. कुठून निघायचं, कुठली वाट, कुठं पाणी. आई उजवीकडून त्यांना दुरुस्त करत होती. दोन्ही बाजू जिवंत झाल्या आणि मी उंबऱ्यांकडे पाहिलं, की बघा, हे तुम्ही तोडलं होतं. थोरल्यानं डोळे पुसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी जिंकले होते.

वडील माझ्या जन्मापाशी आले. पोरगी नाक्यापाशी झाली, मला बराबर आठवते, मी दगड मांडून चूल केली, पाणी तापवलं.

तेव्हा आई खाटेवरून उठली. खाली अंथरलेली गोधडी तिनं ओढून घेतली, घडी केली आणि उजव्या डब्याकडे गेली. तो बंद करता येत नाही, तो बंद केला की डावाही जातो, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं. तिनं गोधडी त्याच्यावर टाकली, चारी बाजूंनी खोचली, वर दोन्ही हात ठेवून दाबून धरली. आतून तिचा स्वतःचा आवाज काहीतरी बोलत राहिला, पण शब्द लागेनात. मी म्हटलं, आई, अगं तूच आहेस ती. ती म्हणाली, "ठाव हाय मला. राहू दे तिले आता."

मग ती तिथंच, डब्यावर हात ठेवून, डावीकडे तोंड करून थांबली. वडील म्हणाले, नाक्यावरच. त्यानंतर ती शांतता आली, ज्यात मागे ती त्यांना म्हणाली होती, तुमी व्हते कुठं.

"व्हय," आई म्हणाली. "तुमी व्हते तिथं. चूल तुमीच मांडली."

डाव्या डब्यातून वडील खोकले. एक मेंढरू चुकलं व्हतं, म्हणाले. आणि ते संपलं.

 खरं काय झालं होतं हे सांगू शकणारी आता आईखेरीज मी एकटीच उरले होते, आणि मी तेव्हा तासाभराची होते. मी नाक्यावर झाले, असंच मी हल्ली सगळ्यांना सांगते.